लेपर्ड गेको आणण्याआधी त्याचं घर पंधरा दिवस रिकामं चालवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला वाढदिवसाला लेपर्ड गेको, म्हणजे पालीच्या जातकुळीतला एक पाळीव प्राणी हवाय. दुकानात तुम्हाला दोन फुटी काचपेटी, लाल बल्ब, विजेवर तापणारा दगड आणि पिवळी वाळू असा तयार सेट दाखवला आणि शनिवारी पेटी व प्राणी एकदमच न्या म्हणाले. त्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि ‘पैसे देऊन पाल आणणार?’ म्हणून त्यांनी फोनवरच हाय खाल्लीय. यात सुरक्षित काय, आणि नक्की लागतं काय?

शनिवारी पेटी आणा, पण तो सेट नको. आणि प्राणी तर अजिबात नको, त्याला अजून पंधरा दिवस आहेत. मी व्हेट नाही. बर्मिंगहॅममध्ये सोळा वर्षं लेपर्ड गेको पाळतेय आणि माझ्याकडचे निम्म्याहून जास्त गेको लोकांना झेपले नाहीत म्हणून आलेले आहेत. ते आजारी का पडले हे शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. प्राणी आणि पेटी एकाच दिवशी घरात आले, मग तापमान कमी-जास्त करण्याचे सगळे प्रयोग त्या बिचाऱ्याच्या अंगावर झाले.

सासूबाईंच्या मनात चुकचुकणारी पाल आधी शांत करू. घरातल्या पालीच्या बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या असतात, म्हणून ती भिंतीवर आणि छतावर पळते. लेपर्ड गेकोला त्या नाहीतच, साधी नखं आहेत. काचेवर त्याला एक इंचही चढता येत नाही, त्यामुळे ‘अंगावर पाल पडली’ म्हणून पंचांग काढायची वेळ येणार नाही. पालीला पापण्या नसतात, याला असतात. झोपताना डोळे मिटतो आणि जागा झाला की एक डोळा आधी उघडतो. हे एकदा पाहिलं की निम्मी भीती जाते असा माझा अनुभव आहे. माझी आई तर त्याला ‘झोपाळू’ म्हणते. मूळचा तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. त्याचा एक सख्खा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत खडकाळ माळावर राहतो. लोक त्याला विषारी समजून मारतात, पण त्याला विष नसतं. सुट्टीत गावी गेल्यावर मुलाला तो दिसला तर लांबून बघू द्या, हात लावू नका. तिथला रानातला प्राणी पकडून पाळणं हा विषयच नाही, त्याला वन्यजीव संरक्षण कायदा आहे. इथे इंग्लंडमध्ये मिळणारे गेको पिढ्यानपिढ्या पैदाशीतून आलेले असतात.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून घेते. नीट ठेवला तर हा प्राणी पंधरा ते वीस वर्षं जगतो. मुलगा युनिव्हर्सिटीत जाईल तेव्हा गेको ऐन मध्यमवयात असेल आणि तुमच्याच घरी असेल. इथल्या कायद्याप्रमाणेही सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, तेव्हा कागदोपत्री मालक तुम्हीच. हौस मुलाची आणि जबाबदारी तुमची, हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

पेटी दोन फुटी घेऊ नका. मोठा झालेला गेको शेपटीसकट आठ-दहा इंचांचा होतो. पण खरा मुद्दा त्याच्या लांबीचा नाही. एका टोकाला चांगली ऊब आणि दुसऱ्या टोकाला चांगला गारवा हे दोन्ही एकाच पेटीत हवं, आणि दोन फुटांत ते जमत नाही, सगळी पेटीच तापते. साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी घ्या. इथल्या हिवाळ्यात मला काचेपेक्षा लाकडी व्हिव्हेरियम बरं वाटतं. समोर सरकत्या काचा, बाकी लाकूड. ऊब धरून ठेवतं आणि तीन बाजू बंद असल्याने प्राण्यालाही बिथरल्यासारखं होत नाही. सरकत्या काचांना लावायचं छोटं कुलूप मिळतं, ते पहिल्याच दिवशी लावा. गेको काच सरकवणार नाही, पण दहा वर्षांच्या मुलाचे मित्र सरकवतील.

जागा: खिडकीसमोर नको, रेडिएटरजवळ नको, स्वयंपाकघरात तर नकोच. फोडणीचा धूर, ओट्यावरचं अन्न आणि सरपटणारा प्राणी एका खोलीत नकोत. देवघर हॉलमध्ये असेल तर पेटी दुसऱ्या भिंतीला ठेवा. रोजची अगरबत्ती आणि धूप त्या छोट्या फुप्फुसांना सोसत नाही. प्लग लावायची एक्स्टेंशन पट्टी जमिनीवर नको, आणि वायर प्लगपाशी पोचण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाण्याचा थेंब ओघळला तर प्लगमध्ये जाणार नाही.

आता ऊब. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण घर सुरक्षित आहे की नाही ते नव्वद टक्के इथेच ठरतं.

गेको स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते आणि पुरेशी मिळाली की तिथून उठून गार जागी जावं लागतं. दिवसभर तो हेच करत असतो. म्हणून आपण त्याला एक ‘योग्य तापमान’ द्यायचं नसतं, निवड द्यायची असते. उबदार टोकाला दिव्याखाली एक सपाट स्लेटची फरशी ठेवा. तिचा पृष्ठभाग दिवसा ३४ ते ३६ अंश सेल्सिअस असावा. तिथल्या लपणीच्या, म्हणजे लपायच्या जागेच्या आत ३२ च्या आसपास. गार टोक २२ ते २५. रात्री दिवे बंद. घर रात्री १८ च्या खाली जात नसेल तर रात्री वेगळी ऊब लावायची गरज नाही. रानातही रात्री गारच असतात.

ऊब देण्यासाठी मी साधा पांढरा हॅलोजन वापरते, दिवसा बारा तास. तो वरून उन्हासारखी ऊब देतो, खाली फरशी तापते आणि गेको तिच्यावर पोट टेकवून पसरतो. लाकडी पेटीत दिवा आत असतो, म्हणून त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच. काचेवर चढता येत नसलं तरी गेको लाकडाच्या ओंडक्यावरून दिव्यापर्यंत पोचतो आणि चटका बसेपर्यंत चिकटून राहतो. दुकानातला लाल बल्ब ‘रात्री त्याला दिसत नाही’ म्हणून विकतात. त्याला तो दिसतो आणि झोपेची-जागेची घडी विस्कटते. तापणारा दगड हातात घेऊन बघा: एका जागी पोळतो, दुसऱ्या जागी कोमट. पोट भाजल्यावर लगेच उठावं हे या प्राण्याला कळत नाही. तो दगड दुकानातच राहू द्या.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र. तो नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. हॅलोजनला डिमिंग प्रकारचा लागतो, तो प्रकाश हळूहळू कमी-जास्त करतो. हीट मॅट, म्हणजे खालून तापवणारी विजेची चटई वापरणार असाल तर चालू-बंद होणारा साधा मॅट-स्टॅट चालतो. पण थर्मोस्टॅट आणला म्हणजे झालं असंही नाही. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. तेव्हा मी मॅट वापरायची. एका रविवारी पेटी साफ केली, सगळं जागच्या जागी ठेवलं, फक्त थर्मोस्टॅटच्या सेन्सरची चिकटपट्टी निघाली होती ते पाहिलं नाही. सेन्सर घसरत गार टोकाला जाऊन पडला. यंत्राला वाटलं, पेटीत थंडी आहे, आणि ते रात्रभर मॅट तापवत राहिलं. सकाळी माझी मादी गार टोकाच्या कोपऱ्यात काचेला चिकटून, तोंड उघडं टाकून बसली होती. मॅटवरची फरशी मी मोजली तेव्हा ४८ होती. पोटाची कातडी लाल झालेली. व्हेट, मलम, सहा आठवडे. वाचली, पण पोटावर फिकट डाग कायमचा राहिला. चूक दुकानाची नव्हती, कंपनीची नव्हती, माझी होती. त्या दिवसापासून सेन्सर चिकटपट्टीने नाही, स्क्रूच्या क्लिपने भिंतीला बसवते आणि साफसफाईनंतर काही वेळाने परत मोजते.

मोजायला दोन गोष्टी घ्या. दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर, आणि फरशीवर रोखून मोजायचं इन्फ्रारेड पिस्तूल. थर्मोस्टॅटच्या डायलवर ३२ लिहिलंय म्हणजे फरशी ३२ आहे असं नसतं. सेन्सर जिथे असतो तिथलंच ते तापमान. फरशी मोजायची आणि ती ३५ ला येईपर्यंत डायल फिरवायचा. काचेवर चिकटवायचे गोल, काटेवाले थर्मामीटर दिसायला छान असतात, पण मी त्यांच्यावर एक पैसाही विश्वास ठेवत नाही.

पंधरा दिवस म्हणते ते यासाठी. पेटी मांडा, दिवा लावा आणि पहाटे, दुपारी, रात्री झोपताना असे तीन आकडे वहीत लिहा. हे काम मुलाला द्या. पहिल्या दिवशी फरशी ४१ दाखवेल, तिसऱ्या दिवशी २९. सेंट्रल हीटिंग बंद झालं की पहाटे गार टोक १६ ला उतरतं हे तेव्हा कळेल. मुलगा पाचव्या दिवशी कंटाळला तर तेही आताच कळलेलं बरं.

जमिनीवर वाळू नको, आणि ‘पचणारी’ म्हणून विकतात ती कॅल्शियमची वाळू तर मुळीच नको. कॅल्शियम कमी पडलेला गेको ती चाटत बसतो आणि आतडं तुंबतं. पहिले दोन-तीन महिने साधा किचन रोल अंथरा. दिसायला दवाखान्यासारखं वाटतं, मान्य. पण विष्ठा कशी आहे, घट्ट की पातळ, किडे पचतायत का, हे फक्त कागदावरच दिसतं. गेको बहुधा एकच कोपरा शौचाला धरतो, त्यामुळे तेवढाच कागद बदलला की झालं. सगळं ठीक आहे असं दिसलं की मग फरशीचे तुकडे, किंवा कुठलंही खत न मिसळलेली माती आणि थोडी खेळायची वाळू यांचं घट्ट दाबलेलं मिश्रण. सैल वाळूचा ढीग आणि दाबलेली माती यांत फरक आहे. त्याच्या मूळ मुलखातही पायाखाली कडक जमीनच जास्त असते.

लपायच्या जागा तीन लागतात: एक उबदार टोकाला, एक गार टोकाला, आणि मधली ओलसर. दुकानातल्या नकली कवट्या आणि गुहा महाग असतात, त्यावर पैसे घालवू नका. ओलसर लपणीसाठी माझ्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. भारतीय दुकानात मिळतो तोच, किलोचा. झाकणाला गेको सहज शिरेल एवढं भोक पाडायचं, कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत करायच्या, आत ओलं करून पिळलेलं मॉस (शेवाळ) किंवा किचन रोल. पाणी साचलेलं नको, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा पुरे. बाकी पेटी कोरडी.

ही ओली लपणी चैन नाही. गेको कात टाकायला आला की त्याचे रंग आदल्या दिवशीपासून फिके पडतात, अंगावर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखा पांढरट दिसतो. मग तो त्या डब्यात जाऊन बसतो, नाक मॉसवर घासतो, तोंडापासून कात सुटायला लागते आणि मोजा उतरवावा तसा तो पायाची कात दातात धरून ओढतो. आणि खाऊन टाकतो! सकाळी तुम्हाला कात दिसणारच नाही, म्हणून घाबरू नका. घाबरायचं ते बोटांवर राहिली तर. कोरड्या पेटीत बोटांच्या टोकाला कातीची अंगठी अडकून राहते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट गळून पडतं. माझ्याकडे आलेल्या गेकोंमध्ये वीसच्या वीस बोटं शाबूत असलेले कमीच. कात टाकल्यावर प्रत्येक वेळी बोटं बघा. राहिली असेल तर कोमट उथळ पाण्यात दहा मिनिटं उभं करा आणि ओल्या इअरबडने हलकेच लोळवत काढा. ओढू नका.

अतिनील प्रकाशाबद्दल लोक वाद घालतात. त्याशिवाय वर्षानुवर्षं जगलेले गेको मीही पाहिलेत. पण आता मी सौम्य यूव्हीबी ट्यूब लावते, सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती; तिच्याने अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि हाडांना कॅल्शियम लागू पडतं. खिडकीतल्या उन्हाने हे काम होत नाही, काच तो प्रकाश अडवते. ट्यूब साधारण वर्षाने बदला, प्रकाश दिसत असला तरी. अल्बिनो जातीचा घेतलात तर त्याच्या डोळ्यांना उजेड टोचतो, तिथे आडोसा जास्त ठेवा.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते शिकायला सोपं आहे. तो फक्त जिवंत किडे खातो. भाजी, फळ, शिजवलेलं काही नाही. रातकिडे, छोटे टोळ, डुबिया झुरळं, मीलवर्म. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, रताळं खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमच्या पावडरीत घोळवा. ड जीवनसत्त्व असलेली पावडर किती वेळा द्यायची हे यूव्हीबी आहे की नाही यावर ठरतं. डब्यावरचं वाचा आणि व्हेटला विचारा, कारण तेही जास्त झालं तर बाधतं. बागेतले किडे नकोत, फवारणीचं विष कुठून येईल सांगता येत नाही. काजवा तर चुकूनही नको, त्याच्यातलं विष सरड्यांचा जीव घेतं. उरलेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. पाण्याची उथळ वाटी कायम. (सासूबाईंना डुबियाचा डबा दाखवू नका. गेको त्या सहन करतील, मुद्दाम पाळलेली झुरळं नाही करणार.)

त्याची शिकार मात्र एकदा त्यांना दाखवा. किडा दिसला की गेको थांबतो, मान खाली घालतो आणि शेपटीचं टोक मांजरासारखं थरथरायला लागतं. मग झडप. त्या जाड शेपटीतच त्याची चरबी साठलेली असते. घाबरला किंवा शेपटी धरली तर ती तुटते. नवी येते, पण बोथट, मुळ्यासारखी. म्हणून मुलाला पहिला नियम हा: शेपटी धरायची नाही आणि वरून हात घालायचा नाही. वरून येते ती घार.

प्राणी निवडताना शेपटी जाड, डोळे स्वच्छ उघडे, बोटं पूर्ण, चालताना पोट जमिनीपासून वर. एकच घ्या. ‘जोडी असली की एकमेकांना सोबत होते’ हे माणसांचं झालं. दोन नर रक्त काढतात आणि दोन माद्यांतही एक दुसरीला उबेपासून हुसकत राहते. ‘एनिग्मा’ नावाचा रंगप्रकार घेऊ नका, त्याच्यात मान वाकडी होऊन गोल गोल फिरण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ही नको. त्या सुंदर लिंबू रंगाच्या जनुकानेच कातडीत गाठी होतात हे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधनात स्पष्ट झालंय.

घरी आणल्यावर दोन आठवडे हात लावायचा नाही. पाणी, खाणं, कागद, बस. पहिले काही दिवस तो लपून राहील, कदाचित खाणार नाही. शेपटी जाड असेल तर चालतं. आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर डब्यात बसवून वजन करा, पण तो काटा स्वयंपाकघरातला नको. वजन सलग उतरत असेल, शेपटी काडीसारखी होत असेल, जबडा मऊ लागला, पाय थरथरले किंवा वाकडे दिसले, तर थांबू नका. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट वेगळा असतो, कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा चालत नाही. असा व्हेट जवळ कुठे आहे हे प्राणी आणायच्या आधी शोधून फोनवर विचारून ठेवा.

राहिला हातांचा प्रश्न. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्याही आतड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याला किंवा त्याच्या वाटीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, गेकोला पप्पी घ्यायची नाही, जेवणाच्या टेबलावर सोडायचा नाही. पेटीतली भांडी किचन सिंकमध्ये न धुता वेगळ्या बादलीत धुवा आणि ते पाणी टॉयलेटमध्ये ओता. वयस्कर माणसं आणि पाच वर्षांखालची मुलं यांना हा संसर्ग जास्त बाधतो. म्हणजे सासूबाईंनी लांबूनच बघायचं. त्यांना तेच हवंय, त्यामुळे यावरून भांडण होणार नाही.

शनिवारी पेटी, हॅलोजन, जाळी, स्लेटची फरशी, डिमिंग थर्मोस्टॅट, दोन डिजिटल थर्मामीटर आणि इन्फ्रारेड पिस्तूल एवढंच आणा. उरलेलं पुढच्या आठवड्यात. पंधरा दिवसांनी वहीतले दोन आकडे मला कळवा: दुपारी दोनला स्लेट किती होती आणि पहाटे गार टोक सगळ्यात खाली किती गेलं. ते पाहून रात्रीसाठी काही लावायचं का ते सांगते.